विश्लेषण : विदर्भाचा कापूस सिरोंचामार्गे समुद्राला जाणार होता... गोदावरीचा जलमार्ग का बारगळला?

गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक म्हणजे सिरोंचा. जिल्हा मुख्यालयापासून आलापल्लीमार्गे दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास. आज ‘शेवटचा तालुका’ म्हणून ओळखले जाणारे हे गाव दीडशे वर्षांपूर्वी एका मोठ्या जलमार्गावरचा महत्त्वाचा थांबा होणार होते. हा जलमार्ग काय होता, तो का फसला आणि आज नदीकाठी काय उरले आहे?

योजना काय होती?

वर्धा आणि वैनगंगा या नद्या चपराळ्याजवळ एकत्र येतात आणि प्राणहिता तयार होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला. म्हणजे वऱ्हाड आणि नागपूरकडचा कापूस नावेत भरला, तर तो थेट बंगालच्या उपसागरापर्यंत उतरू शकतो, असे हे गणित होते. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे अभियंता सर आर्थर कॉटन या कल्पनेचे खंदे पुरस्कर्ते होते. प्रत्यक्ष काम अभियंता हेग यांच्याकडे होते.

अडचण कोणती होती?

नदी सलग खोल नव्हती. तीन ठिकाणी खडकांच्या रांगा आडव्या होत्या. पहिला अडथळा दुम्मगुडेमला, दुसरा सिरोंचाच्या खाली इंचमपल्लीला, तर तिसरा प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरीला. यावर उपाय ठरला तो असा : खडकाच्या वर बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा आणि कालव्यात दरवाजे असलेले हौद बांधायचे. नाव हौदात शिरली की मागचा दरवाजा बंद होतो. पाणी भरले की नाव वर चढते, सोडले की खाली उतरते. पनामा कालव्यात जहाजे आजही याच तत्त्वावर चढतात-उतरतात.

सिरोंचाला महत्त्व का आले?

नदीचा डावा काठ निजामाच्या ताब्यात होता. १८६०च्या तहात निजामाने सिरोंचासह डाव्या काठावरचे तालुके इंग्रजांना दिले आणि गोदावरीतील जलवाहतूक जकातमुक्त झाली. त्याच वर्षी ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा तयार झाला, मुख्यालय सिरोंचा. तेव्हाचे उपायुक्त ग्लासफर्ड यांच्या काळाची आठवण तालुक्यातील ग्लासफर्डपेठा या गावनावात आजही टिकून आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. तिथला कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे पाहू लागल्या. त्यामुळे जलमार्गाची निकड वाढली.

मग योजना का बारगळली?

युद्ध संपले आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. नदीत पुरेसे पाणी वर्षातून काही महिनेच असते, रेल्वे मात्र बारमाही धावते. जंगलातील हिवतापानेही कामगार आणि अधिकारी बेजार होते. अखेर १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाल्यावर ते या जिल्ह्यात गेले.

आज इथे उतरलेल्या प्रवाशाने काय पाहावे?

सिरोंचाचा प्राणहिता घाट, तिथून समोर दिसणारा तेलंगणाचा काठ आणि पलीकडचे कालेश्वरम. तिथल्या मंदिरात एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत. पूर्वी भाविक नावेने पलीकडे जात, आता पूल आहे. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्कर सोहळ्यासाठी दोन्ही काठांवर मोठी गर्दी झाली होती. पुढे सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीला मिळते.

इतिहासाच्याही आधीचा काळ पाहायचा तर वडधमचा जीवाश्म परिसर गाठावा. याच तालुक्यातील पोचमपल्ली परिसरात १९६०च्या आसपास एका महाकाय डायनासोरची हाडे सापडली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीमुळे त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ ठेवले गेले. सांगाडा मात्र कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे.

जलमार्ग पुन्हा शक्य आहे का?

कागदावर तो आहेच. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातील १११ मार्गांत वैनगंगा-प्राणहिता आणि पैनगंगा-वर्धा या दोन्हींचा समावेश आहे. पण १८७१चा प्रश्न कायम आहे : उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचे?

शिवाय नदी आता मोकळी राहिलेली नाही. २०१९ मध्ये खालच्या बाजूला तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा सुरू झाला. त्याच्या फुगवट्याने शेती बुडते, अशी सिरोंचातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि प्रकल्पच वादात सापडला.

म्हणूनच नव्या योजनेची चर्चा करताना नावा आणि बंदर यांच्या आधी काठावरच्या शेताचा हिशेब मांडावा लागेल. दीडशे वर्षांपूर्वी तो कुणी विचारला नव्हता. प्राणहितेच्या काठावरचा शेतकरी आज तो मागतो आहे.