हप्ता फिटला, आता नवी पिकअप घ्यावी काय?



सोयाबीनची मळणी आटोपून चार पैसे हाती येऊ लागले, की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पुष्कळ घरी एक विषय निघतो. अंगणात पूर्वी जिथे बैलगाडी सोडलेली असे, तिथे आता पिकअप उभी असते. तिचे हप्ते नुकतेच फिटलेले असतात. तेवढ्यात गावात कुणाच्या तरी दारी नवी गाडी येते. तिला एसी, पॉवर स्टेअरिंग, समोर टीव्हीसारखा पडदा, शिवाय गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दाखविणारी सोय. मग घरातला तरुण मुलगा म्हणतो, "बाबा, आपली आता काढून टाका."

मेहकर तालुक्यातील अशाच एका घरी मी मागच्या हंगामात गेलो होतो. गाडी नऊ वर्षांची. मुलाला नवी हवी, वडिलांचा ठाम नकार, आणि दोघांत आठ दिवस बोलणे बंद. मला पाहताच मुलाची आई म्हणाली, "साहेब, यांना एकच विचारा. गाडी वर्षात किती दिवस चालते अन् किती दिवस उभी असते?" दोघांनाही उत्तर देता येईना. आईने भिंतीवरची दिनदर्शिका काढून पुढे ठेवली. दुधाच्या हिशोबाशेजारीच तिने गाडीच्या खेपाही लिहून ठेवल्या होत्या. मोजल्या तेव्हा वर्षाच्या ९६ भरल्या. घरच्या मालाच्या २२ आणि भाड्याच्या ७४.

आधी आकडा, मग गाडी

आता आपणही कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा, जुनी गाडी बदलीत देऊन वर ८ लाखांचे कर्ज काढले. व्याज शेकडा १० आणि मुदत ५ वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,००० रुपये बसतो. वर्षाचे २,०४,००० झाले. पाच वर्षांत १०,२०,००० रुपये फेडावे लागतात, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास नुसते व्याज.

सन २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. त्या भावानेदेखील वर्षाच्या हप्त्यापोटी ३८ क्विंटल सोयाबीन जाते. एकरी ६ क्विंटल उतारा धरला, तर सहा एकरांहून अधिक रान केवळ त्या गाडीसाठी पेरावे लागेल. बी-बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी यांचा खर्च निराळाच.

त्या घरच्या ९६ खेपांवर हा हप्ता वाटला, तर एका खेपेला २,१२५ रुपये पडतात. गाडीत भरगच्च १३ क्विंटल माल असला तरी क्विंटलमागे १६३ रुपये नुसता हप्ता. येताना गाडी बहुधा रिकामीच येते, हे विसरू नये. डिझेल आणि चालकाची मजुरी जाऊन भाड्याच्या खेपेत हजार रुपये उरतात असे धरले, तर हप्त्यापुरत्याच २०४ खेपा हव्यात. हाती आहेत ७४. उरलेल्या १३० खेपा कुठून येणार, याचे उत्तर मुलापाशी नव्हते. "भाडी मिळतील" हे उत्तर नव्हे. कोण देईल, कोणत्या महिन्यात देईल आणि पैसे रोख देईल की उधार, हे सांगता आले पाहिजे.

नवी गाडी डिझेल कमी खाते, असे सांगितले जाते. तेही तपासू. खेप ८० किलोमीटरची धरून वर्षाला ७,६८० किलोमीटर होतात. जुनी लिटरला १२ आणि नवी १४ किलोमीटर चालली, तर सुमारे ९१ लिटर वाचतील. ९० रुपये दराने ही बचत आठ हजारांच्या थोडी वर जाते. हप्ता दोन लाखांचा आणि बचत आठ हजारांची.

मुलाचे कुठे खरे होते

पण वडिलांचे सगळेच बरोबर होते असे नाही. मुलगा रात्री-बेरात्री माल घेऊन बुलडाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जात होता. गाडीचे ब्रेक उतारावर एका बाजूला ओढत होते आणि मागचे टायर गुळगुळीत झाले होते. हे त्याने घरी सांगितले नव्हते. फक्त "नवी घ्या" एवढेच म्हणत होता. आईला हे कळले तेव्हा तिचा चेहरा उतरला. मुलांनो, गाडीतला धोका आधी सांगा, हौस मागाहून सांगा. आणि वडिलांनी "जुनी चांगली चालते" म्हणण्याआधी एकदा स्वतः शेजारी बसून घाट उतरून पाहावा.

म्हणून नव्या सोयींचे दोन ढीग करावेत. जीव वाचविणाऱ्या सोयी पहिल्या ढिगात: चांगले ब्रेक, दिवे, हलके स्टेअरिंग, सीटचा पट्टा. एबीएस ब्रेक असतील तर जोरात ब्रेक दाबल्यावरही चाक जाम होत नाही आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळविता येते. पडदा, गाणी, रंगीत पट्टे हे दुसऱ्या ढिगातले. पहिल्या ढिगातील बऱ्याच उणिवा जुन्या गाडीतही मिस्त्रीकडून दूर होतात. घाटात मात्र ब्रेक कितीही चांगले असोत, उतरताना खालचा गिअरच ठेवावा.

आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्याच गाड्या तयार होतात. त्यांतल्या अनेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी गाळणी असते. ती काजळी जळण्यास गाडी तापून काही वेळ सलग धावावी लागते. रोज घर ते शेत दोन किलोमीटर एवढेच चालविणाऱ्याची गाळणी तुंबू शकते, आणि ते काम संगणकाशिवाय होत नाही. घेण्यापूर्वी दुरुस्तीचे ठिकाण गावापासून किती दूर आहे ते विचारावे.

मजूर किंवा वऱ्हाड मागे बसवून नेण्यास तर कोणतीच पिकअप योग्य नाही, नवी असो वा जुनी. मालासोबतचा मालक वा त्याचा माणूस सोडला, तर मालगाडीत बसलेल्यांना विम्याचे संरक्षण मिळत नाही. अपघात झाल्यास भरपाईपायी शेत विकण्याची पाळी येते.

बदलावी केव्हा

चासीला तडा गेला असेल किंवा ती गंजली असेल, इंजिन ऑईल पीत असेल, ऐन हंगामात गाडी वारंवार बंद पडत असेल, तर बदलण्याचा विचार जरूर करावा. मालवाहू गाडीचे पासिंग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. त्यात मोठा खर्च निघू लागला, तर तोही इशारा समजावा. भाड्याचे काम खरोखर वाढले असेल, तर नवी गाडी घेणे हा धंदा ठरतो. त्याला माझी ना नाही.

तरीही एक परीक्षा घ्यावी. कर्ज काढण्याआधी सहा महिने तेवढाच हप्ता आपल्याच बँक खात्यात भरावा. सहाही महिने न चुकता १७,००० भरता आले, तर १,०२,००० रुपये जमतील आणि तेवढे कर्ज कमी काढावे लागेल. तिसऱ्याच महिन्यात ओढाताण झाली, तर समजावे की अजून वेळ आली नाही. जमलेला पैसा तर घरातच राहिला.

त्या घरी असेच ठरले. ब्रेक, टायर आणि दिव्यांचे काम त्याच आठवड्यात झाले. चालकाच्या बाजूला पंखा आणि नवी गादी बसली. भाड्याचा हिशोब मुलाकडे आला आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा बसून पाहायचे, असे बापलेकांत ठरले. खेपा मात्र आईच लिहिते.

आपणही आजपासून दिनदर्शिकेवर खेपा लिहावयास लागा. कुठून कुठे, किती माल, डिझेल किती आणि हाती उरले किती, एवढे चार आकडे पुरेत. वर्षभराने हाच कागद मध्ये ठेवून सगळ्यांनी एकत्र बसावे आणि मग निर्णय घ्यावा.