शिडाच्या होडीला वीज कशाला?

शिडाची होडी वाऱ्यावर चालते हे पहिलीतलं पोरही सांगेल. मग तिच्यात बॅटऱ्या कशाला? सांगते.

समजा, एक माणूस एकटाच अशा होडीतून महासागर ओलांडतो आहे. त्याला झोप तर हवीच ना? तो झोपला की सुकाणू सांभाळतं एक विजेवर चालणारं यंत्र, म्हणजे ऑटोपायलट. अंधार पडला की डोलकाठीवरचा दिवा लावावाच लागतो. नाहीतर मोठ्या जहाजाला ही चिमुकली होडी दिसणार कशी?

आता वह्या काढा! ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअर प्रवाह घेतो असं धरू. २४ तासांचे झाले ७२ अँपिअर-तास. छोटा फ्रीज ४ अँपिअर, पण दिवसातून १२ तासच चालू, म्हणजे ४८. दिशा आणि नकाशा दाखवणारी उपकरणं २४. दिवा अर्धा अँपिअर, रात्रीचे १२ तास, म्हणजे ६. एकूण १५०.

घरी इन्व्हर्टरला असते तशी शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नसते, ती लवकर खराब होते. म्हणून १५० साठी ३०० ची सोय हवी. १०० च्या तीन बॅटऱ्या, वजन साधारण ८० किलो. लिथियमची बॅटरी मात्र ८० टक्के वापरली तरी कुरकुरत नाही. तिथे १०० च्या दोनच पुरतात, वजन २५ किलोच्या आसपास. म्हणजे चौथीतली दोन मुलं होडीतून उतरवल्यासारखंच झालं!

"पण बाई, लिथियमची बॅटरी पेट घेते ना?" बरोबर विचारलंत. लिथियमच्या बॅटऱ्यांत जाती आहेत. होड्यांवर बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतात. ती सहजासहजी पेटत नाही. हा पदार्थ बॅटरीसाठी चालेल हे १९९७ साली पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांच्या शोधनिबंधात मांडलं गेलं. यातल्या जॉन गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण या बॅटरीची एक खोड आहे बरं का. शिशाची बॅटरी संपत आली की दिवा मिणमिणायला लागतो. जणू ती आधी नोटीस देते. लिथियमचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो, दिवा लख्ख! आणि फार रिकामी झाली की तिच्यातलं राखणदार सर्किट तिला वाचवण्यासाठी खटकन प्रवाह तोडतं. दिवा गेला, ऑटोपायलट गेला, तेही भर समुद्रात, मध्यरात्री. म्हणून किती वीज आत आली आणि किती बाहेर गेली, याचा जमाखर्च ठेवणारं मीटर लागतंच. नुसता व्होल्टमीटर इथे फसवतो. आणि हुशार खलाशी इंजिन सुरू करायला शिशाची एक बॅटरी वेगळीच ठेवतात.

बॅटरी भरायची कशी? न्यूझीलंडचा कॉनराड कोलमन २०१६ साली 'व्हांदे ग्लोब' शर्यतीत उतरला. एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा! त्यानं डिझेल जाळायचंच नाही असं ठरवलं होतं. सौरपट्ट्या तर होत्याच. शिवाय शिडांच्या जोरावर होडी पळाली की पाणी तिचा पंखा फिरवायचं आणि त्याला जोडलेली मोटर वीज द्यायची. तुमच्या आजोबांच्या सायकलचा डायनॅमोच म्हणा ना! शेवट जवळ आला असताना, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्याची डोलकाठी मोडली. वाचलेल्या साहित्यातून छोटं शीड उभारून त्यानं २४ फेब्रुवारीला फ्रान्स गाठलं. ही शर्यत खनिज इंधनाशिवाय पुरी करणारा तो पहिलाच.

आता एक गणित तुम्हाला. आपल्या होडीत २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली आहे. आभाळ भरून आलंय. सौरपट्ट्या दिवसाला ४० देतात आणि पाण्यातला पंखा ६०. खर्च १५०. म्हणजे रोज ५० ची तूट. तळाचे ४० राखून ठेवायचे, तर जेमतेम तीन दिवस निघतील. किनारा मात्र आठ दिवस लांब! काय बंद कराल? दिव्याला हात लावायचा नाही, ऑटोपायलटलाही नाही. उत्तर सापडलं असेलच. फ्रीज बंद केला की रोजची तूट उरते फक्त २.