काढा हवाच, पण रक्ताच्या तपासणीनंतर

मैत्रिणींनो, पावसाळा मध्यावर आला की आमच्या नेवाशात घरोघरी काढ्याचा वास सुटतो. आलं, तुळस, गवती चहा तर असतातच. पण खेड्यांवरून येणाऱ्या बायका लिंबावर चढलेली गुळवेल, पारिजातकाची पानं, काडेचिराईत असलं कडूजहर काहीबाही आणून देतात. “हिवतापावर रामबाण आहे, बाई!”

रामबाण का वाटतो, ते सांगू? आपल्याकडचा नेहमीचा हिवताप पाळीचा असतो. आज हुडहुडी, चार गोधड्या पुरत नाहीत, मग फणफणून ताप, मग दरदरून घाम. आणि उद्या बाई उठून खुरपायला हजर! ताप घामाबरोबर आपला आपण उतरलेला असतो, श्रेय मात्र काढ्याला. परवा पुन्हा हुडहुडी. या पाळ्या मोजण्यात आठवडा जातो, आणि लहान मूल किंवा गरोदर बाई असली तर तेवढा उशीर जिवावर बेतू शकतो.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही हं. कोयनेल सिंकोनाच्या सालीतूनच आलं. चीनच्या तू यूयू बाईंनी जुन्या ग्रंथातल्या एका वनस्पतीवरून हिवतापाचं औषध शोधलं, २०१५ साली नोबेल मिळवलं. गंमत अशी, की उकळल्यावर त्या पाल्याचा गुण जातो हे त्यांनी ओळखलं. आपण असतो तर खळखळून काढाच केला असता! आणि ‘झाडपाल्याने अपाय नाही’ हेही खरं नव्हे. करोनाच्या काळात, २०२० साली, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

तेव्हा थंडी वाजून ताप आला, की त्याच दिवशी आशाताईंना गाठा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोटातून रक्ताचा एक थेंब, तोही फुकट. नेहमीच्या हिवतापात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवायची आपली काटकसर इथे नको, बरं का! जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. प्रायमाक्विन सगळ्यांना चालत नाही.

गोळी पोटात गेली, की मग करा काढा. दोन कप पाण्यात गवती चहाच्या चार पाती, बोटाच्या पेराएवढं आलं, पाच-सहा तुळशीची पानं, चवीला गूळ. निम्मं आटवून कोमट द्या. तोंडाला चव येते, घशाला बरं वाटतं.