ऑफिसच्या फिश टँकमधले मासे नेमके सोमवारीच मेलेले का सापडतात?

ऑफिसच्या रिसेप्शनला नवाकोरा फिश टँक येतो. निळा लाईट, बुडबुडे, आठ-दहा रंगीत मासे. दोन आठवडे सगळे कौतुकाने फोटो काढतात आणि मग एका सोमवारी दोन मासे उलटे तरंगताना दिसतात. कुणी म्हणतं, "मासे नाजूकच असतात." कुणी म्हणतं, "ऑफिसवरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं." मग नवे मासे येतात आणि तेही मरतात.

खरं कारण पाण्यात असतं.

न दिसणारं विष

मासे कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजूनही अमोनिया तयार होतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे काचेसारखं नितळ पाणीही विषारी असू शकतं.

नदी-तळ्यात हे काम जिवाणू सांभाळतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी घातक असतं. टँकमध्ये हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर राहतात. पण नव्या टँकमध्ये ते पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपण मासे मात्र पहिल्याच दिवशी सोडतो!

मग सोमवारच का?

कारण शनिवार-रविवारी तीन गोष्टी एकत्र घडतात.

एक, जाताना कुणीतरी मेन स्विच बंद करतं. फिल्टर आणि एअर पंप थांबतात, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. माशांचा जीव गुदमरतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मरू लागतात.

दोन, "दोन दिवस उपाशी कसे राहतील?" म्हणून शुक्रवारी मूठभर खाणं टाकलं जातं. खरंतर निरोगी मोठे मासे दोन दिवस आरामात उपाशी राहतात. त्यांना मारतं ते कुजणारं खाणं.

तीन, तापमान. गप्पी, मॉली, टेट्रा अशा उष्ण प्रदेशातल्या माशांना साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. आठवडाभर एसीने गार झालेलं पाणी सुट्टीत तापतं. छोट्या टँकमध्ये हा चढउतार आणखी वेगाने होतो.

काय करायचं?

- फिल्टर, एअर पंप आणि थर्मोस्टॅट असलेला हीटर वेगळ्या स्विचवर ठेवा. त्यावर "बंद करू नका" अशी चिठ्ठी लावा.
- खाणं देण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. दोन मिनिटांत संपेल इतकंच टाका.
- सगळं पाणी एकदम बदलू नका. आठवड्याला २० ते २५ टक्के पुरे.
- नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं. ते घालवणारं औषध मिसळल्याशिवाय पाणी टँकमध्ये ओतू नका.
- फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.
- सुरुवातीला दोन-तीनच मासे आणा, बाकीचे हळूहळू.

आणि टँक नकोसा झाला तर मासे तलावात किंवा नदीत सोडू नका. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, टँकची काच साफ करायला आणला जाणारा सकर मासा आज उजनी धरणात मच्छीमारांची डोकेदुखी झालाय. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

थोडक्यात, मासे पाळायचे म्हणजे आधी पाणी पाळायचं. पाणी सांभाळलं, की मासे सोमवारीही पोहताना दिसतील.