गच्चीची चावी आणि ५३ नंबर

आमच्या सोसायटीत गच्चीची चावी हवी असेल तर वॉचमनच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. फ्लॅट नंबर, वेळ, कारण, सही. पहिल्या रात्री मी कारणाच्या रकान्यात ‘तेजोमेघ’ असं लिहिलं. सकाळी सेक्रेटरींचा फोन आला, “हे कोणत्या कंपनीचं इंटरनेट?” त्यानंतर बरीच वर्षं मी ‘पाण्याची टाकी’ असं लिहीत आलो. दुर्बीण टाकीच्याच आडोशाला लावतो, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

मीरा रोडच्या गच्चीवरून तेजोमेघांचे फोटो काढतो म्हटलं की ऐकणारा हसतो. हसणारच. पश्चिमेला उत्तनकडे समुद्र आहे, तिकडे निदान थोडा काळोख मिळतो. मला नेमकी दक्षिण हवी असते आणि दक्षिणेला दहिसर, बोरिवली आणि त्यापुढची अख्खी मुंबई पेटलेली असते. शिवाय आपण १९ अंश उत्तरेला राहतो. अगस्त्य बरा दिसतो, पण दक्षिण आकाशातला सर्वांत देखणा कराइना तेजोमेघ इथून जास्तीत जास्त ११ अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीपेक्षा किंचित वर. माझ्या गच्चीवरून तो समोरच्या दोन टॉवरांमधल्या फटीत पाऊण तास असतो. मग टॉवर.

डोळ्यांनी बघायचं असेल तर वांगणी गाठावी. खगोल मंडळाच्या तिथल्या रात्रभराच्या कार्यक्रमांत मुंबईतल्या कित्येकांनी पहिल्यांदा खरं आकाश पाहिलं. गच्चीवर मात्र डोळ्यांचं काही काम नाही. तिथे चालते ती कॅमेऱ्यापुढची एक काळपट काच, हायड्रोजन अल्फाचा फिल्टर.

जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, परत पकडले जातात, पायरी पायरीने खाली उतरतात. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश निघतो. माझा फिल्टर एवढाच प्रकाश आत सोडतो, बाकी सगळ्यांना दारातूनच परत पाठवतो. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा आमची चैन होती. त्या दिव्यांचा उजेड बहुतेक पिवळ्या पट्ट्यात, ६५६ जवळजवळ मोकळं. पांढरे एलईडी आले, गल्ली लख्ख झाली, लोक खूश झाले. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरतो, लालातही. ही तक्रार करायची कुणाकडे?

ज्या युक्तीवर माझा हा उद्योग चालतो, त्याच युक्तीवर दक्षिण आकाशातल्या तेजोमेघांची पहिली धड मोजदाद झाली. त्याआधी यादीत होतं ते बहुतेक अंधारात डोळ्यांनी टिपलेलं. लाकाय हा फ्रेंच गृहस्थ १७५१-५२ मध्ये केपटाउनला बसून दक्षिणेचं आकाश मोजत होता. बोटभर दुर्बिणीतून त्याने ४२ धूसर ठिपके नोंदवले, कराइनाही त्यात आला. जॉन हर्शेल १८३४ मध्ये केपला मोठी दुर्बीण घेऊन गेला आणि चार वर्षं राहिला. पण अंधारात माणसाच्या डोळ्याला हा गडद लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. हर्शेलची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी लाल मेघ त्याच्या डोळ्यांसमोरून तसेच निघून गेले.

ते सापडले कॉलिन गम या ऑस्ट्रेलियन तरुणाला. कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेत त्याने हायड्रोजनच्या लाल प्रकाशात आकाशाचे मोठाले तुकडे टिपले आणि १९५५ मध्ये ८४ तेजोमेघांची यादी छापली. त्यातला १२ क्रमांकाचा किस्सा मला फार आवडतो. हा मेघ इतका अवाढव्य की सुमारे ३६ अंश आकाश व्यापतो. सत्तरेक पौर्णिमेचे चंद्र एका रांगेत मांडा. लहान होता म्हणून लपला असं नाही. एवढा मोठा आणि इतका फिका, की कुणाच्या चौकटीत तो मावलाच नव्हता. आज त्याला गम तेजोमेघ म्हणतात.

गमला हे फार काळ भोगता आलं नाही. एप्रिल १९६० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झेर्माट इथे बर्फावर स्कीइंग करताना अपघातात तो गेला, वय ३५. आकाशगंगेतली ठिकाणं सांगायला आज जगभर वापरतात ती निर्देशांक पद्धत ठरवणाऱ्या चौघांत तो होता. त्यांचा लेखही १९६० मध्येच आला. आणि त्याच साली त्याच स्ट्रॉम्लोवरून पुढची यादी आली. संचालक बार्ट बोक, काम करणारे रॉजर्स, कॅम्पबेल आणि व्हाइटओक. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव आरसीडब्ल्यू. नोंदी १८२, गमचे बरेच मेघ धरून. माझ्या फटीतला कराइना गमच्या यादीत ३३ आणि आरसीडब्ल्यूत ५३.

यादी करणाऱ्यांनी एक पथ्य पाळलं: लाल दिसलं की नोंद. ते लाल का आहे, हे मागाहून. त्यामुळे हजेरीपटात भलतीच पोरंही बसली. आरसीडब्ल्यूतला ८६ क्रमांकाचा मेघ तारे जन्मण्याची जागा नव्हेच. तो एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष. इसवी सन १८५ मध्ये चिनी दरबारी निरीक्षकांनी जो ‘पाहुणा तारा’ लिहून ठेवला, तो हाच असं मानतात. त्या काळी खाडीपलीकडे सोपारा बंदर गजबजलेलं होतं. दक्षिणेकडे खाली, रोज नसणारा तो तारा तिथल्या तांडेलांनी पाहिलाच असणार असं मला वाटतं. लिहून मात्र चिन्यांनी ठेवलं. १०३ क्रमांकही असाच अवशेष. आणि ८९? चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरणांतल्या चित्रात आकाशात एक भलामोठा पंजा दिसतो, ते चित्र व्हॉट्सअॅपवर देवाचा हात म्हणून तुम्हालाही आलं असेल. त्या पंजाची बोटं जिथे पोचतात तो मेघ म्हणजे ८९.

या मेघांच्या प्रकाशाच्या भांडणात पुणंही एकदा उतरलं होतं. कावसजी दादाभाई नायगामवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक. (त्यांचं आडनाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भाईंदरनंतरचं स्टेशनच आठवलं.) भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली. तेव्हा इंग्लंडात नॉर्मन लॉकयर सांगत होता की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचे थवे आणि त्यांच्या वर्णपटातली ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियमची. तसं असतं तर ती एका बाजूने पुसट हवी. नायगामवालांनी १८९१ मध्ये मृगातल्या तेजोमेघाची ती रेषा तपासली: दोन्ही बाजूंनी स्वच्छ, धारदार. ती ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ उजाडलं. नायगामवाला निवृत्त झाले, १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात एवढं झालं होतं हे पुण्यातल्याच कितीजणांना ठाऊक आहे?

आरसीडब्ल्यूतल्या ३६ क्रमांकाकडे तर कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने थेट फुगा सोडला. दूर अवरक्त किरण हवेतली वाफ वाटेतच गिळते, म्हणून त्यांची एक मीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून फुग्याला टांगून वर पाठवत. काम झालं की पॅराशूटने खाली. पुढचं काम खगोलशास्त्राचं नाही, शोधाशोधीचं: ती कुठे उतरली ते बघायचं आणि उचलून आणायची. ३६ चा अभ्यास १९९४ मध्ये छापून आला. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही ३६ दिसतो. कराइना मात्र नाही; त्या तबकड्या तेवढ्या खाली वाकत नाहीत. म्हणजे ५३ च्या बाबतीत माझी गच्ची जीएमआरटीपेक्षा सरस, असं मी घरी सांगतो. घरचे ऐकून घेतात.

स्ट्रॉम्लोच्या दुर्बिणी जानेवारी २००३ च्या वणव्यात जळाल्या. याद्या तेवढ्या राहिल्या.

मार्चमध्ये एका रात्री आमचा वॉचमन वर आला. लॅपटॉपवर तीन मिनिटांची एक चौकट नुकतीच उतरली होती. करड्या खरखरीत काळ्या भेगांचा तो मेघ, खाली टॉवरची कड.

“ये क्या है साहब?”

“तिरपन नंबर.”

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग विचारलं, “बावन कहाँ है?”

ते मलाही शोधावं लागलं.

पुढच्या शनिवारी मी चावी घ्यायला खाली गेलो तर रजिस्टरमध्ये नोंद आधीच झालेली. फ्लॅट नंबर, वेळ रात्री ११.३०, आणि कारणाच्या रकान्यात त्याच्या अक्षरात ‘५३ नं.’ मी फक्त सही केली.