करमणूक आणि कुटुंबकथा

परीक्षेची धास्ती, पैशांची ओढाताण, घरातली कुरबुर यांना कंटाळून आपण कादंबरी उघडतो आणि दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरतो. ही पळवाट म्हणावी काय? हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये काढलेल्या साप्ताहिकाचे नावच मुळी ‘करमणूक’! त्यातूनच ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू आपले माहेर-सासर स्वतःच्या तोंडाने सांगते. स्वतःच्या घरी आपण भांडणातला एक पक्ष असतो. यमूच्या घरी केवळ श्रोते. म्हणूनच एरवी कलहात बुडून जाणारे दुःख तेथे ऐकू येते. विसाव्यासाठी गेलेला वाचक तेच कान घेऊन घरी परततो. मग स्वयंपाकघरातले आईचे मौनही त्याच्या लक्षात येऊ लागते.