वाफेवरचे मोमो

धायरी म्हटले की जुन्या पुणेकरांस धारेश्वराचे देऊळ आठवते. या गावाचा उर्वरित भाग 2017 साली पुणे महानगरपालिकेत आला. आज सिंहगड रस्त्याने फाट्यापर्यंत गेले असता देवळाआधी नजरेस पडतात ती खाण्याची दुकाने. त्यांपैकी एका अगदी साध्या दुकानात नातवाच्या आग्रहास्तव मी गेलो. वर पत्रा, खाली दोन बाके, कागदाची ताटली आणि लाल फलकावर 'चायनीज' हे अक्षर. सहा मोमोंस पन्नास रुपये पडले.

पदार्थ पाहताच ओळख पटली. पातळ पारी, आत सारण, वर चुण्या आणि शिजवणे वाफेवर! हा तर मोदकाचा भाऊबंदच. सारण मात्र तिखटमिठाचे. कोबी, गाजर व कांदा बारीक चिरून केलेले. खरा भेद आहे तो पिठात. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लूटेन नावाचे चिवट द्रव्य तयार होते, त्यामुळे थंड पाण्यात मळलेला मैदाही ताणला जातो. तांदळाच्या पिठास हा गुण नाही. म्हणून आपल्या गृहिणी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढतात. उष्णतेने पिठातील पिष्ट फुगून चिकट होते, आणि मगच पारी वळता येते. दुकानातील मुलगा पारी लाटताना कडा पातळ व मध्यभाग जाड ठेवीत होता. चुण्या एकत्र येतात तेथे थरांवर थर बसतात. कडा जाड राहिल्यास शेंडा कच्चा राहतो.

"आजोबा, पाण्यात न बुडवता शिजते कसे?" असे नातवाने विचारले. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास 100 कॅलरी लागतात. पण एक ग्रॅम वाफ थंड पारीवर आदळून तिचे पुन्हा पाणी झाले की सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. तरी काही मिनिटांत पारी शिजून तुकतुकीत होते. स्वस्त ठिकाणी खाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, डब्यातून वाफाळत निघालेल्या मोमोची भीती थोडी. उघड्या वाडग्यातील लाल चटणीची अधिक. ती मी चाखली नाही. नातवाने चाखली, आणि मग पाणी मागितले.

सारण भरून पारी मिटण्याची ही कला चीनमध्ये फार जुनी. तुर्फानजवळील अस्ताना येथील कबरींत तांग काळातील असे पदार्थ सुकलेल्या स्थितीत सापडले आहेत. मोमो मात्र तिबेट व नेपाळ यांचा. 1959 नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले, त्यांच्याबरोबर तो येथे अधिक पसरला. आपल्या महाराष्ट्रातही तत्कालीन भंडारा जिल्ह्यात 1972 साली त्यांची एक वसाहत झाली.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. फलक वाचून व चेहरा पाहून मी त्या मुलास सहज विचारले, "तुम्ही चीनचे का?" तो हसला नाही. "दार्जिलिंगचा, काका," एवढेच म्हणाला व डब्याचे झाकण लावले. त्याची मातृभाषा नेपाळी. ती 1992 पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, आणि तिची लिपी देवनागरीच. हिशेबाच्या वहीतील त्याचे अक्षर मी अडखळल्यावाचून वाचले. अशा प्रश्नांनी माणूस आपल्याच देशात परका ठरतो. 2012 च्या ऑगस्टात अफवांच्या भयाने ईशान्येकडील कित्येक मुले पुणे सोडून आगगाडीने गावी निघून गेली होती, ते मला त्या वेळी आठवले. मी क्षमा मागितली.

मग फलकावर 'चायनीज' का, असे विचारता तो म्हणाला, "फलक आधीच्या मालकाचा आहे, काका. रंगाचा खर्च कोण करणार?" आणि आम्ही दुसरी ताटली मागविली.